बर्फातली गाबोळी

ग्लासगोहून निघताना मी पिशवीत मसाल्याचा डबा, कोकमं आणि माझी सुरी घेतली. सुरी बघून सून केतकी म्हणाली, "आई, कॉटेजमध्ये सगळं असतं, अगदी नाइफ्ससुद्धा."

"असतील," मी म्हटलं. "ही माझ्या हाताला बसते."

मुलगा जितूने पिशवी उचलून गाडीत ठेवली. तो तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आईशी वाद घालून हाती काही लागत नाही, हे त्याला डॉक्टर व्हायच्या आधीपासून माहीत आहे.

मी चौथी पास. चाळीस वर्षं बाजारात बसून मासे विकले. आमच्या कोळीवाड्यातल्या महिला मंडळाच्या बायकांनी निघताना बजावलं होतं, "विलायतेचं काहीतरी लिहून दे, अंकात घालू." त्यांना राजवाडा, पूल आणि बर्फ हवा असणार. राजवाडा मी बघितला, मोठा आहे. पूल चांगले आहेत. बर्फाचं मात्र मला लिहावंच लागेल, कारण त्या बर्फावर मी जे करून आले ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायला तोंड नाही.

ग्लासगोपासून उत्तरेला गाडीने चार तास लागले. वाटेत डोंगर, डोंगरावर मेंढ्या आणि मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके. कुणाची मेंढी कुठली ते कळावं म्हणून लावतात. एका ठिकाणी चहाला उतरले आणि गाडीच्या दाराशीच घसरून बसले. नऊवारीच्या आत दोन लोकरी पायजमे होते, वरून जितूचा कोट, म्हणून लागलं नाही. हॉटेलवालीने धावत येऊन मला उठवलं आणि सूप दिलं. बटाटा आणि धुरावलेला मासा दुधात शिजवलेला. मीठ कमी होतं, पण मासा चांगला होता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लहान गाव आहे, माणसं ओळखू येतील. वीस-पंचवीस घरं, एक हॉटेल, एक हॉल आणि समोर लॉख (तळं). लॉख गोठलेलं होतं. दहा दिवस कडक थंडी पडली होती, असं दर वर्षी होत नाही म्हणे. जन्मभर मी पाणी बघितलं ते हलणारं. भरतीला वर येतं, ओहोटीला मागे जातं, कुठेतरी काहीतरी करत असतं. हे पाणी पांढरं, सपाट, तोंड बंद करून पडलेलं. मला ते आवडलं नाही.

कॉटेज मोइराबाईंचं. त्या शेजारच्याच घरात राहतात. वय पासष्टच्या पुढे, शाळेत शिकवायच्या, नवरा नाही. त्यांनी चूल पेटवून ठेवली होती. मी बूटही काढले नव्हते, तोच त्या आम्हाला घरामागच्या बर्नवर (ओढ्यावर) घेऊन गेल्या. ओढा गोठला नव्हता, वाहत होता. त्यांनी काठीने तळाची खडी दाखवली. एका जागी खडी उकरल्यासारखी, स्वच्छ, बाकीची काळपट.

केतकी सांगू लागली, "आई, इथे ट्राउट नावाचे मासे येतात, लॉखमधून वर. मादी शेपटीने खड्डा करते, अंडी घालते. या दर वर्षी असे खड्डे मोजतात. पूर्वी ओढाभर असायचे, आता खूप कमी झालेत."

"बरं," मी म्हटलं. माझे पाय दुखायला लागले होते. मोइराबाई आणखी बरंच बोलल्या. केतकीने निम्मं सांगितलं, मी त्याच्या निम्मं ऐकलं. उद्या संध्याकाळी हॉलमध्ये मीटिंग आहे, तुम्ही सगळे या, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते तो बर्फावर एक माणूस बसलेला. मी जितूला उठवलं. "तिथे कुणीतरी धंद्याला बसलंय. चल."

तो कॅलम. साठीचा, जंगल खात्यात झाडं तोडायचं काम करून आता घरी बसलेला. त्याच्याकडे हाताने फिरवायचं उंच गिरमिट होतं. त्याने बर्फाला भोक पाडायचं, भोकात दोरी सोडायची आणि बादलीवर बसून राहायचं. त्याचा बाप असाच बसायचा, बापाचा बाप असाच. आम्हाला काठावर थांबवून त्याने आधी चार-पाच ठिकाणी बर्फ किती जाड आहे ते बघितलं. मग माझ्याकडे बघत जितूला काहीतरी म्हणाला. जितू हसला.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, आईचं वजन किती?"

"त्याला सांग, मला विकायला काढलेली नाही."

जितूने सांगितलं. कॅलम एवढा हसला की त्याच्या नाकातून वाफ निघाली. त्याने स्वतःची बादली मला बसायला दिली. माणूस मला पटला. बोटांची नखं तुटलेली, दोरीने पडलेले चरे. आमच्या माणसांच्या हातांसारखेच हात.

अर्धा तास काही नाही. मग दोन लहान मासे आले, पोटाला तांबूस. 'चार' म्हणतात त्यांना, आकडा नव्हे, त्या माशाचं नावच ते. ते त्याने डब्यात टाकले. मग दोरी ताणली गेली आणि त्याचा चेहरा बदलला. हळूहळू, न ओढता, त्याने तो मासा वर घेतला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. तपकिरी, अंगावर काळे आणि लाल ठिपके. ट्राउट. कॅलमने हातमोजे काढले, हात भोकातल्या पाण्यात बुडवून ओले केले आणि मग मासा धरला, तान्हं मूल धरतात तसा. मला वाटलं, काय कौतुक चाललंय.

जितू मोबाइल काढून म्हणाला, "आई, हातात घे, फोटो काढतो." त्याने कॅलमला विचारलं. कॅलमने मान हलवली आणि मासा माझ्या हातात दिला.

मासा हातात आला आणि पोट बोटांना लागलं. पोट भरलेलं. गाबोळी (माशाच्या पोटातली अंडी) गच्च. हे मला डोळे मिटूनही कळतं. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू? मासा तडफडला. माझी दोन बोटं कल्ल्यात गेली, अंगठा डोक्यामागे, आणि कट्. मान मोडली. चाळीस वर्षांत माझ्या हातात मासा आला तो एकतर मेलेला किंवा मारायचा. परत सोडायचा मासा माझ्या हातात कुणी कधी दिलाच नव्हता.

बर्फावर रक्ताचे थेंब पडले. कॅलमचे दोन्ही हात पुढे आलेले तसेच राहिले. मला वाटलं, म्हातारीचा हात बघून गार पडला. मी मासा वर धरला आणि जितूकडे बघून हसले. जितूने फोटो काढला नाही. कॅलम हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलला, जितूचे कान लाल झाले. मग कॅलमने एक पिशवी दिली, मासा त्यात घातला आणि गिरमिट गोळा करायला लागला.

"दिला त्याने मला?" मी विचारलं.

"हो," जितू म्हणाला. "चल आई, थंडी आहे."

त्याच वेळी त्याने सांगितलं असतं तर. पण त्याने नाही सांगितलं, आणि मीही त्या दोघांच्या तोंडाकडे नीट बघितलं नाही. बाजारात गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याच्या मनातला भाव ओळखणारी मी.

दुपारी मी माझ्या सुरीने मासा कापला. गाबोळी निघाली ती केशरी, मोठ्या दाण्यांची, एकेक दाणा ज्वारीएवढा. आपल्याकडच्या गाबोळीसारखी बारीक नाही. हळद, मीठ, कोकमाचं पाणी आणि मसाला लावून तव्यावर परतली. तुकड्या रव्यात घोळून तळल्या. केतकी दोनदा वाढून घेऊन म्हणाली, "आई, सॉलिड झालंय." तिला सकाळचं काही माहीत नव्हतं. जितूने एक तुकडी अर्धी खाल्ली आणि झोपतो म्हणून आत गेला.

आमच्याकडे चांगला मासा केला की शेजारी ताट जातं. मी ताटात गाबोळी घातली, वर लिंबाची फोड ठेवली आणि मोइराबाईंच्या दाराशी गेले. भाषा लागत नाही त्याला. त्यांनी दार उघडलं, ताट बघितलं. खूप वेळ बघितलं. मग दोन्ही हातांनी घेतलं आणि "थँक यू" म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. मला वाटलं, तिखटाला घाबरल्या. मी हाताने खूण करून सांगितलं, खा खा, चांगलं आहे.

संध्याकाळी सहाला हॉलमध्ये गेलो. गावातली सगळी माणसं होती, कुत्रीसुद्धा. लाकडी खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर एक जाड वही. हॉटेलवाला बसून त्यात कोण काय बोललं ते लिहीत होता. आमच्या मच्छीमार सोसायटीत असतं तसंच. मला घरी आल्यासारखं वाटलं. केतकी माझ्या कानाशी बसून सांगत होती.

"आई, लॉख गोठलं की त्यावर फिशिंग पूर्ण बंद करायचं, असा मोइराबाईंचा ठराव आहे. हिवाळ्यात ट्राउट मारायचा नाही हा रूल आहेच. पण ते 'चार' नावाचे मासे धरताना गळाला ट्राउट लागतो. तो परत सोडायचा असतो."

"सोडायचा?" मी म्हटलं.

"हो. जिवंत. म्हणून तर हात ओले करून धरतात, त्याची स्किन खराब होऊ नये म्हणून."

मी माझ्या हातांकडे बघितलं. दुपारी लिंबाने चोळून धुतले होते, तरी वास होताच.

मोइराबाई उठल्या. शाळेत बोलत असतील तशा बोलल्या. ओढ्यातले खड्डे कमी होत आहेत, बहुतेक माद्या अंडी घालून गेल्या, पण काही उशिरा येणाऱ्या अजून लॉखमध्ये आहेत. त्याच उरल्यासुरल्या. गळ लागून, बर्फावर काढून, परत सोडलं तरी किती जगतात कोण जाणे. मग हॉटेलवाला वही बाजूला ठेवून म्हणाला, बर्फ बघायला चार माणसं येतात, तेही बंद करा, म्हणजे मीही बंद करतो. मागून कुणी ओरडलं, तुझ्या हॉटेलात जेवण्यापेक्षा बर्फ खाल्लेला बरा. माणसं हसली. अशीच आमच्याकडे हसतात.

मग कॅलम उठला. टोपी हातात.

केतकी सांगत गेली. "ते म्हणतायत, आम्ही इथलेच आहोत. माझ्या वडिलांनी एक ट्राउट बर्फावर मारला नाही, मी मारला नाही. आम्हाला कायद्याने बांधू नका. आमच्या हातांवर विश्वास ठेवा."

मोइराबाईंनी बसूनच विचारलं. आवाज चढवला नाही.

"काय विचारलं?"

केतकी म्हणाली, "विचारतायत, प्रत्येक मासा सोडलास, कॅलम? आज सकाळचासुद्धा?"

मोइराबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, ते मला कळलं. कॅलमनेही बघितलं नाही. त्याने टोपी एकदा फिरवली.

तो बोलला ते केतकीने अर्धंच सांगितलं आणि थांबली. "ते म्हणतायत, नाही. आजची मेली. भोक माझं, दोरी माझी, चूक माझी..." मग ती माझ्याकडे आणि जितूकडे बघायला लागली. दुपारचं ताट तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार.

मी जितूचा हात धरला. "ऊठ. सांग त्यांना, मी मारला."

"आई, बस."

"त्याच्यावर जातंय सगळं."

"आई, प्लीज. कॅलमनी सकाळीच मला सांगितलं होतं, आईला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल. आता उभी राहिलीस तर ते खोटे पडतील. आणि आपण बाहेरचे. इथे आधीच म्हणतात, बाहेरचे येऊन मासे मारतात."

यातलं काही खरं होतं. पण मी बसले ती त्यासाठी नाही. मी घाबरले म्हणून बसले.

हे मला नीट लिहायचं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात बंदीच्या दिवसांत मोठे ट्रॉलर लपूनछपून जायचे, तेव्हा मोर्च्यात पुढे मी होते. साहेबाच्या टेबलावर पोटात अंडी असलेली पापलेटं आपटून मी विचारलं होतं, आयांना मारता, मग पुढच्या साली काय दगड धरायचे? लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हाही, एरवी बाजारात गाबोळीचा मासा मी जास्त भावाने विकत होते, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तोंड मला आहे. भाषा येत नव्हती म्हणून गप्प बसले असं म्हणायला जागा नाही, कारण डाव्या बाजूला सून होती, उजव्या बाजूला मुलगा. उभं राहून छातीवर हात ठेवला असता तरी कळलं असतं. मी पदर हातांवर ओढून घेतला, वास झाकावा तसा.

हात वर झाले. कॅलमच्या बाजूने जे वर जाणार होते त्यातले बरेच मांडीवरच राहिले. ठराव पास झाला. हॉटेलवाल्याने वहीत लिहिलं.

मग चहा झाला. मोइराबाईंनी पहिला कप मला आणून दिला, मी सगळ्यांत म्हातारी म्हणून. दोन साखरा घालून मी तो प्यायले. याची मला त्या माशाहून जास्त लाज वाटते. कॅलम आणि मोइराबाई, दोघांनी मिळून मला झाकलं होतं. जिला समज नाही तिला झाकतात तसं.

निघायच्या दिवशी सकाळी मोइराबाईंनी ठेवलेलं माझं ताट पायरीवर मिळालं. धुतलेलं, पुसलेलं, रिकामं. आमच्याकडे शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात. इथली रीत वेगळी असेल. नसली तरी त्यांचं बरोबर होतं.

जितू गाडीवरचा बर्फ खरवडत होता. मी त्याला न सांगता कॅलमच्या घरी चालत गेले. घर कॅलमने बर्फावरून दाखवलं होतं, चढावर, हिरव्या दाराचं. दोनदा घसरले. दार वाजवलं. तो आला, लोकरी बंडीत, हातात पावाचा तुकडा. मागे भिंतीला गिरमिट टेकवलेलं, पुसून, फडक्यात गुंडाळलेलं.

मी मराठीतच बोलले. "मासा मी मारला. तू नाही मारलास." मग छातीवर हात ठेवला, दोन बोटं वाकवून कल्ल्यात घातल्यासारखी केली, अंगठ्याने मान मोडली. परत छातीवर हात. त्याने सगळं बघितलं. रागावला नाही. हसलाही नाही. मग त्याने पाव धरलेला हात उचलला आणि माझ्या खांद्यावरून खाली दाखवलं. मी वळून बघितलं. खाली हॉलचं छप्पर होतं.

एवढंच. मी मान हलवली. त्यानेही हलवली आणि दार लावलं, हळूच, आवाज न करता.

गाडीत जितू म्हणाला, "कुठे गेली होतीस?" मी सांगितलं. त्याने गाडी सुरू केली. केतकीने मधे एकदा मागे वळून माझ्या पायावर शाल टाकली.

घरी येऊन महिना झाला. आल्या आल्या बायका जमल्या, बर्फ कसा असतो विचारलं. मी म्हटलं, गार. मग एके दिवशी पाटावर बसून मी कागद लिहिला, मराठीत, मोठ्या अक्षरात. मासा कसा हातात आला, कसा मारला, कॅलमने हात ओले करून कसा धरला होता, आणि हॉलमध्ये मी का उठले नाही. बंदी उठवा असं मी लिहिलं नाही. बंदी बरोबर आहे. ती माझ्यासारख्या हातांसाठीच लागते. फक्त त्या दिवशी वहीत कॅलमच्या नावापुढे जे लिहिलं गेलं ते माझ्या नावापुढे लिहा, एवढंच म्हटलं. केतकीने त्याचं इंग्रजी केलं. जितूला मी फोनवर सांगितलं, पाठवायचं नाही, तू हॉलमध्ये जाऊन उभा राहून वाचायचं. तो हो म्हणाला. सुट्टी काढून गेला आणि वाचलं.

केतकीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मला इंग्रजी वाचता येत नाही. तिने माझ्या नावाखाली लाल रेघ मारून दिली आहे, म्हणून कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवता येतं.

मी जितूला विचारलं, "कॅलम काय म्हणाला?"

तो म्हणाला, "आई, ते आता मीटिंगला येत नाहीत."